मिशीची शिरगणती

डावीकडे 11, उजवीकडे 9. रविवारी सकाळी बाथरूमच्या आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून केलेली ही ताजी शिरगणती. नाकाखालच्या पन्हळीत शून्य. दाढीच्या नावाने हनुवटीवर एक केस आहे. लांब, कुरळा आणि एकुलता एक असल्यामुळे लाडावलेला. माझं वय 24. शेजारच्या बारावीतल्या पोराला गालभर दाढी आली आहे आणि तो मला अजून ‘दादा’ म्हणतो. ते ऐकून जिना चढणारे पाहुणे आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघतात.

मिसरूड फुटलंच नाही, असं नाही. फुटलं, आणि अगदी नियमानुसार फुटलं. आधी ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांवर लव गडद होते, मग ती मधे सरकते, मग गालांवर जाते आणि हनुवटीला सगळ्यात शेवटी पोचते, असा तिचा रूट असतो म्हणे. माझी गाडी नळ स्टॉपच्या सिग्नलला लागल्यासारखी कोपऱ्यावरच उभी आहे. 7 वर्षं झाली.

पुण्यात राहून हे दुःख विसरता येत नाही. कोथरूडला बसमध्ये चढावं तर कर्वे पुतळा. अण्णा कर्व्यांची ती दाढी! ते 104 वर्षं जगले, दाढीला सवड मिळाली, अशी मी स्वतःची समजूत घालतो. चहा प्यायला एफसी रोडला जावं तर त्याचं कागदोपत्री नाव नामदार गोखल्यांचं, आणि गोखल्यांना मिशी. मंडईत भाजी आणायला जावं तर तिथे 1924 पासून टिळकांचा पुतळा, मिशीसकट. खाली मान घालून मेथी निवडतो आणि परत येतो. या शहरात मला निर्धास्त चालता येईल असा मोठा रस्ता एकच, लक्ष्मी रोड.

पण खरा घाव पुतळ्यांनी नाही, आमच्या गल्लीतल्या कटिंगवाल्याने घातला. केस कापून झाले की शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला तो अदबीने विचारतो, “साहेब, दाढी?” माझा टॉवेल झटकतो आणि म्हणतो, “चल, झालं रे बाळा.” एकदा मी मन घट्ट करून म्हटलं, “दाढीपण करून टाका.” तो थांबला. माझी हनुवटी उजेडाकडे वळवली, दोन्ही बाजू बघितल्या. मग फेसाच्या ब्रशला हातही न लावता मानेवरची लव वस्तऱ्याने साफ केली, पावडर मारली आणि फक्त कटिंगचे पैसे घेतले. पुण्यात कुणी आपणहून पैसे नको म्हणालं तर प्रकरण गंभीर आहे, असं समजावं.

उपाय सगळे झाले. आजीच्या सांगण्यावरून एरंडेल चोळलं; उशीचे दोन अभ्रे वाया गेले. कांद्याचा रस लावला. बसमध्ये शेजारची सीट शिवाजीनगरपर्यंत रिकामी राहिली. मित्र म्हणाला, रोज उलटा वस्तरा फिरव, राठ केस येतात. मी तीन महिने माळरानावर नांगर फिरवला. मग वाचनात आलं की हा समज कधीच खोटा ठरलेला आहे. कापलेल्या केसाचं टोक बोथट होतं, म्हणून तो बोटाला राठ लागतो, इतकंच. मुळाशी काही फरक पडत नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन बाईंनी हे 1928 सालीच तपासून दाखवलं होतं. त्याच साली इथे एसएसपीएमएस शाळेच्या आवारात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, म्हणजे बातमी पुण्यात यायला वेळ भरपूर होता. आजी मात्र ठाम आहे. “मामाच्या वळणावर गेलायस. त्यालाही लग्नाच्या वेळेला काही नव्हतं.” मामाचं लग्न तिशीत झालं.

गणपतीच्या आधी ढोल-पथकाचा सराव सुरू झाला की पोरं दाढीला हात लावणं बंद करतात. विसर्जनापर्यंत एकेकजण गड जिंकून आल्यासारखा दिसतो. तोच फेटा मी बांधला की शाळेचं स्नेहसंमेलन. फोटोवाला कॅमेरा फिरवत माझ्यापर्यंत येतो आणि कोपर टाळावं तसा पुढे सरकतो.

स्नेहसंमेलनावरून आठवलं. तिसरीत मी मावळा झालो होतो. आईने काजळाने मिशी काढली होती, पार गालफडापर्यंत, टोकांना पीळ देऊन. रात्री तोंड धुवायला मी साफ नकार दिला. इतकी भरघोस मिशी मला पुन्हा लाभलेली नाही.

परवा शिवजयंतीला वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी हाक मारली. त्यांच्या पाच वर्षांच्या पोराला शाळेसाठी सजवायचं होतं आणि तो हलत होता. “भावजी, जरा हनुवटी धरा हो त्याची.” मी धरली. वहिनींनी काळ्या पेन्सिलीने सर्रकन दोन रेघा ओढल्या, टोकं वर वळवली. पोराने आरशात बघितलं, छाती काढली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा सुभेदार कारकुनाकडे बघतो. तो बूट घालायला धावला. वहिनी टोपण लावता लावता थांबल्या आणि हसून म्हणाल्या, “तुम्हाला काढू?”

जिन्याकडचं दार लोटलेलं आहे ना, एवढं मी आधी बघून घेतलं.