तुम्ही विचारलंत म्हणून: मी हिरा नाही

‘उत्सुकुशी कारे’ या जपानी मालिकेविषयी मी कुठेही चार शब्द बोललो की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मोठ्या आपुलकीने विचारतो, “त्यातला हिरा म्हणजे तुम्हीच ना?” मी अडखळत बोलतो, हिराही अडखळतो, तेवढ्यावर लोकांनी गणित सोडवलेले असते. इतकी वर्षे मी हसून विषय बदलत आलो. आता एकदाच सविस्तर उत्तर देतो, म्हणजे पुन्हा कोणी विचारणार नाही, निदान मी तशी आशा करतो.

नागिरा यू यांच्या कादंबरीवरची ही सहा भागांची मालिका 2021 च्या नोव्हेंबरात सुरू झाली. आपल्याकडे हिरा म्हणजे रत्न, पण तिथला हिरा वर्गाच्या उतरंडीत अगदी तळाशी आहे आणि शिखरावर बसलेल्या देखण्या वर्गमित्राची, कियोईची, तो भक्ती करतो. कियोईने फर्मान सोडावे आणि याने धावत जाऊन जिंजर एल हे शीतपेय आणावे, असा तो व्यवहार. या छळाला प्रेमाचा मुलामा दिला आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. तरीही मालिका मी चार वेळा पाहिली, आणि प्रत्येक वेळी हिरासाठी नव्हे, कियोईसाठी.

कारण हिराने काय लपवले आहे? त्याच्या मनातले सगळे आपल्याला ऐकू येते, त्याची नजर तर कोणापासूनच लपत नाही. तोंडात शब्द अडकतात म्हणून भावना अव्यक्त राहते हे गृहीतकच मुळात चुकीचे आहे, आणि ते माझ्यासारख्याला चिकटवले जाते तेव्हा मला राग येतो. अस्खलित बोलणारा कियोई मात्र हिराकडे पाहून ‘किमोई’ म्हणतो, म्हणजे किळसवाणा. ‘उझाई’ म्हणतो, म्हणजे डोक्याला ताप. पुढे हिराला विद्यापीठात कोयामा नावाचा मित्र मिळतो, जो हिरावर मनापासून प्रेम करतो आणि त्याचे बोलणे शांतपणे ऐकून घेतो, तेव्हा कियोईच्या पोटात जे दुखू लागते ते तो मरेपर्यंत कबूल करणार नाही असे वाटते. तो फक्त अधिक उद्धट होतो. मत्सराला जपानीत ‘याकिमोची’ म्हणतात, शब्दशः भाजलेला मोची, तांदळाचा गोळा. ‘याकु’ या क्रियापदाचा अर्थ भाजणे, आणि जळणेही. आपणही जळतोच की.

हा शब्द मी पुण्यात जपानीच्या वर्गात शिकलो, आणि ज्याच्या शेजारी बसून शिकलो त्याच्याविषयी आता लिहावे लागेल.

तो माझी वाक्ये पूर्ण करत नसे. हे किती दुर्मीळ आहे ते अडखळणाऱ्यालाच कळेल. बहुतेक माणसे दयेने किंवा घाईने आपला शब्द आपल्या तोंडातून ओढून घेतात. तो मात्र वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी गिरवत थांबायचा आणि माझा शब्द आला की मान वर करायचा. संध्याकाळच्या वर्गानंतर आम्ही कांजीच्या, म्हणजे जपानी चित्राक्षरांच्या, चिठ्ठ्या काढून एकमेकांना विचारत असू. पुठ्ठ्याचे ते चौकोन त्याने स्वतः कापले होते, कडा जरा वाकड्याच होत्या. दुसऱ्या सत्रात एक नवा मुलगा आला. संवादाच्या सरावासाठी त्याला जोडीदार हवा होता आणि माझ्या मित्राने हो म्हटले. एवढेच घडले होते. त्या संध्याकाळी ते दोघे जिन्यावर बसून हसत होते, चिठ्ठ्या त्यांच्या मध्ये पसरलेल्या होत्या, आणि मला पाहून मित्राने सरकून जागा केली. मी उभ्या उभ्या म्हणालो, “तुला कोणीही चालतं रे. माझी कीव करून कंटाळलास, आता याची कर.”

एकही अक्षर अडखळले नाही.

आयुष्यात इतके सफाईदार वाक्य मी क्वचितच बोललो असेन, आणि त्यातला एकही शब्द खरा नव्हता. तो काही बोलला नाही. त्याने चिठ्ठ्या गोळा केल्या, कडा जुळवण्याचा प्रयत्न केला, त्या जुळेनात, मग तशाच रबर लावून माझ्या हातात दिल्या. पुढच्या आठवड्यापासून तो सकाळच्या तुकडीत जाऊ लागला.

नंतर कित्येक वर्षे मी स्वतःला सांगत राहिलो की मला बोलता येत नाही, म्हणून मी मनातले बोलू शकलो नाही. तेव्हाच्या मला आज गाठून विचारावेसे वाटते, “मग ते वाक्य कसं जमलं?” पण त्याचीही बाजू आहे: एकोणीस वर्षांच्या मुलाने काय म्हणायला हवे होते? ‘मला जळायला होतंय’? असे कोण म्हणते? कियोईलाही ते म्हणायला शेवटचा भाग गाठावा लागला, आणि त्याच्या मदतीला पटकथा होती. ते प्रेम होते की मैत्री, असे काही जण पुढे विचारतात. त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही, आणि ते सापडल्याने त्या संध्याकाळचे वाक्य बदलणार आहे, असेही नाही.

मालिका पाहून झाल्यावर मी त्याला बऱ्याच वर्षांनी निरोप पाठवला. माफी मागायची होती. प्रत्यक्षात एवढेच लिहिले की ही मालिका बघ, जपानी ऐकायला छान आहे. चार दिवसांनी उत्तर आले: “पाहिली. हिरा आवडला. तो दुसरा मुलगा फारच दुष्ट वाटला मला.”

मी अंगठ्याचे चिन्ह पाठवून दिले.