नंबर

27 जानेवारी, रात्री अकरा

शाल गादीवरच पडून आहे. नारळ हिनं दुपारी फोडला, अर्धं खोबरं चटणीत गेलं. तेवढं तरी सत्कारणी लागलं.

काल झेंडावंदन झाल्यावर सरांनी माइकवर सांगितलं, "मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये पदक पटकावून आपल्या गावाचं नाव उज्ज्वल केलं." पटकावून. कालपासून तोच शब्द कानात भुंग्यासारखा फिरतोय. मेडल मी पटकावलं नाही. आझाद मैदानात रांगेत उभं राहून घेतलं. पुढं साठीची एक बाई होती, मागं एक पोरगं वाकून ओकत होतं. तिघांनाही तेच मेडल मिळालं. 42 किलोमीटर 195 मीटर जो वेळेत पुरं करेल त्या प्रत्येकाला देतात. हजारोंनी वाटतात.

माइक माझ्यापासून हातभर लांब होता. "सर, तसं नाही," एवढंच म्हणायचं होतं. खाली पोरं टाळ्या वाजवत होती, सरपंचताई शाल उलगडत होत्या. आणि पुढच्या खुर्चीवर बाबा बसले होते. लग्नाकार्याला काढतात ती टोपी घालून.

मी मान खाली घातली आणि शाल घेतली.

आता रात्रीचे अकरा वाजलेत आणि माणसाला झोप नाही. लबाडी म्हणावी तर मी एक शब्दही खोटा बोललो नाही. खरा बोललो असंही नाही.

याची सुरुवात झाली त्या सोमवारी, मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी. विदर्भ एक्स्प्रेसनं पहाटे बडनेऱ्याला उतरलो. उतरलो कसला, वरच्या बर्थवरून दोन अनोळखी पोरांनी मला गव्हाच्या पोत्यासारखा खाली घेतला. मुंबईत चढतानाही तेच झालं होतं. मांड्या लाकडाच्या झालेल्या, उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं. तिथून एसटीनं वरुड, वरुडहून काळीपिवळी. आंगणात बाबा दात घासत होते. तोंडातली राख थुंकली आणि विचारलं, "कितवा आला?"

मी म्हणालो, "बाबा, त्याच्यात तसा नंबर नसते."

"नंबर नसते तं मेडल कायचं?"

मग मी उभ्याउभ्या सांगायला लागलो. पहिले येणारे केनियाचे, इथिओपियाचे. 2023 ला इथिओपियाच्या हायले लेमीनं 2 तास 7 मिनिटं 32 सेकंदांत संपवली. मला 5 तास 23 मिनिटं लागली. माझ्या पुढं पाच हजारांच्या वर माणसं होती. बाबांनी तोंड धुतलं, टॉवेलनं पुसलं, मेडल हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, वजन केलं. तेवढ्यात शेजारचे काका दूध घेऊन आले.

"आमच्या पोट्ट्याचा नंबर लागला मुंबईत," बाबा म्हणाले.

मी न्हाणीत गेलो. तेव्हाच बोललो असतो तर संपलं असतं. पण अंगावर पाणी घेताना मला भलतंच आठवत होतं.

नंबर लागला. हे शब्द या घरात वीस वर्षांपूर्वी हवे होते. तेव्हा अमरावतीला पोलीस भरतीला उभा राहिलो होतो. तेव्हा 5 किलोमीटर पळायला असायचं, आताच्या पोरांना 1600 मीटर असतं. पळण्यात मी कुणाला ऐकत नव्हतो. गोळाफेकीत मार खायचो, अंगात मासच नव्हतं. छातीवर चेस्ट नंबर लावून दिवसभर मैदानात, आणि बाबा गेटाबाहेर लिंबाखाली भाकरीचं फडकं घेऊन. यादी लागली की एकच प्रश्न, "नंबर लागला काय रे?" पहिल्या वर्षी नाही. दुसऱ्या वर्षी दोन मार्कांनी नाही. तिसऱ्या वर्षी मी परत आलो तेव्हा त्यांनी विचारलंच नाही. बैल सोडून वावरात निघून गेले.

ते न विचारणं अजून घरात आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तर हा जो माणूस शेजाऱ्याला "नंबर लागला" म्हणाला, त्याला मी कोणत्या तोंडानं सांगायचं की बाबा, हाही लागला नाही? त्याच दुपारी मेडल बैठकीत गेलं, कालनिर्णय टांगतो त्या खिळ्यावर, कालनिर्णयाच्या वर. आता तारीख पाहायची तर आधी मेडल बाजूला करावं लागतं. आल्यागेल्याला चहाच्या आधी मेडल. सोनारानं नखानं खरवडून पाहिलं. त्याला काय वाटलं ते तो बोलला नाही, उपकारच त्याचे.

आणि खरं सांगायचं तर मला रागही येतो. जे खरं घडलं ते कुणी विचारतच नाही. सगळ्यांना कितवा तेवढंच पाहिजे.

त्या दिवशी काय काय झालं! पहाटे तीनची खास लोकल, डबाभर माणसं बूट घातलेली, मांडीला मलम चोळणारी, केळी सोलणारी, कुणी कुणाशी बोलत नाही. पाच वाजता अंधारात सीएसएमटीसमोरून निघालो. सी लिंकवर तर एरवी पायी माणसाला जाऊच देत नाहीत, दुचाकीलाही बंदी. त्या एका सकाळी तो साडेपाच किलोमीटरचा पूल फक्त पायांचा असतो. खाली समुद्र काळा, वर तारा ताणलेल्या, आणि हजारो बुटांचा एकच आवाज. सोयाबीनवर पाऊस पडतो ना, तसा.

तीस किलोमीटरपर्यंत मी राजा होतो. बत्तिसाव्याला पाय बंद पडले. गावातल्या, भरतीसाठी पळणाऱ्या पोरांनी मला आधीच सांगितलं होतं की अंगातला साखरेचा साठा तिथंच कुठंतरी संपतो, मग शरीर चरबी जाळायला लागते आणि ते काम फार सावकाश होतं. सांगणं वेगळं. मोटरीला फेज उडाल्यावर ती नुसती घूं करते, फिरत नाही, तसं झालं. त्याच वेळी बाजूच्या लेनमधून ते गेले, इथिओपियाचे, केनियाचे. आमच्या दोन तास वीस मिनिटांनी सुटलेले. चारपाच जण, काटक, आमच्यासारखेच काळे, पाय जमिनीला लागतात की नाही ते कळू नये. त्यांच्या पावलांचा आवाजच येत नव्हता, फक्त श्वासांचा. दहा सेकंदांत दिसेनासे झाले. मी चालत होतो आणि टाळ्या वाजवत होतो. त्यांना कशाच्या ऐकू जातात.

मग पेडर रोड. जाताना अंधारात तो चढ जाणवलाही नव्हता. येताना छत्तिसाव्याच्या आसपास तोच सातपुडा झाला. तिथं रस्त्याच्या कडेला लोक घरातलं काय काय घेऊन उभे असतात. मीठ, चिक्की, बर्फ, दुखऱ्या पायावर मारायचा फवारा. एका बाईंनी माझ्या छातीवरचं नाव वाचून मोठ्यानं हाक मारली आणि फोडी पुढं केल्या. "नागपूर का संतरा है, खाइए." मी तोंडात टाकली. किन्नू होता! पंजाबचा. एका फोडीत पाच बिया, आणि ताटात पडलेली साल सोलताना तुकडेतुकडे झालेली. आपलं संत्र असं चिकटत नाही, एका अंगठ्यात मोकळं होतं. बांगलादेशानं आयातशुल्क वाढवल्यापासून आमच्या मालाला भाव नाही, व्यापारी इसार देऊन गायब होतो, आणि तिकडं पेडर रोडवर नागपूरच्या नावानं किन्नू. बाईंना सांगावं म्हटलं, पण जीभ टाळूला चिकटलेली. अजून दोन फोडी मागून घेतल्या. त्या दिवशी त्या किन्नूइतकं गोड दुसरं काही नव्हतं. हे मी वरुडच्या मंडीत कुणाला सांगणार नाही.

मरीन ड्राइव्हवर ऊन डोक्यावर आलं. बॅरिकेडजवळ एक हवालदार उभा होता, माझ्याच वयाचा, पोट सुटलेला. "चला चला, आलंच आता," म्हणाला. नेमप्लेट वाचली. आमच्याकडचं आडनाव. त्याचा नंबर लागलेला.

जाऊ द्या.

हे सगळं कुणाला सांगू? हिला सांगितलं तर म्हणते, एवढ्या पैशात धाकट्याची क्लासची फी झाली असती. खरं आहे. बुटाची किंमत मी घरात अर्धी सांगितली आहे, तीही जास्त वाटली. सवंगडी म्हणतात, वावरात पळायला रानडुकरं कमी आहेत काय. माझी बारा-चौदा महिन्यांची मेहनत, नागपूरच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीचं सर्टिफिकेट जोडल्यावर मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये मिळालेली ती एक जागा, पहाटेच्या थंडीत भरतीच्या पोरांमागं धापा टाकत काढलेले वरुड रोडवरचे सगळे किलोमीटर, या सगळ्याचं गावात एकच झालं, नंबर. आणि तोही खोटा. असं वाटतं की मी पळालोच नाही. दुसराच कुणीतरी पळाला, पहिला आला आणि त्याची शाल माझ्या अंगावर टाकली.

आत्ता हे लिहून वाचून पाहिलं. काय रडतोय लेका. कुणी बोलावलं होतं मुंबईला?

आणि एक गोष्ट मी लिहायची टाळतोय, तीही लिहून टाकतो. संत्र्याच्या आंबिया बहाराचा ताण संक्रांतीनंतर तोडायचा होता. दीड महिना पाणी बंद ठेवलेलं, पानं मलूल झालेली, आता पहिलं हलकं पाणी देण्याचे दिवस. उशीर झाला तर फूट बिघडते. आमच्या फिडरवर त्या आठवड्यात मोटरीची थ्री फेज वीज रात्रीची. मी शुक्रवारी निघालो. शनिवारी रात्री बाबांनी पाणी दिलं, बहात्तराव्या वर्षी, कानाला मफलर, हातात बॅटरी, आळ्याआळ्यात नळी फिरवत. म्हणजे मी पहाटे तीनच्या लोकलमध्ये मांडीला मलम चोळत होतो तेव्हा तेही जागेच होते, चिखलात. त्यांनी सांगितलं नाही. हिनं सांगितलं, तेही काल, शाळेतून येताना. त्यांना कुणी शाल दिली नाही.

आज सकाळी नऊ दिवसांनी पहिल्यांदा रोडवर गेलो, हळूहळू दोनच किलोमीटर. भरतीची पोरं थांबलीच होती. त्यांना सगळं माहीत आहे, मोबाइलवर माझी वेळ त्यांनी रविवारीच पाहिली होती. एक म्हणाला, "काका, पाच हजार आठशेवा, अभिनंदन!" आणि सगळे फिदीफिदी हसले. मलाही हसू आलं. आठवडाभरात पहिल्यांदा कुणीतरी बरोबर आकडा बोललं. त्यातलाच एक म्हणतो, "तुमच्या मागं पण हजारो होते ना काका. ते कोण सांगते?"

आणि शाळेतली ती चौथीतली पोरगी. काल सत्कार झाल्यावर मुलांनी मेडलभोवती गराडा घातला. तिनं त्यावरचं इंग्रजी बोट ठेवून वाचलं, "फि-नि-शर." मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, झालं, आता उघडं पडलं. सर अर्थ सांगायला पुढं सरसावले तोवर तिनंच ओरडून सांगितलं, "धोनीसारखा!" आणि पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. धोनीनं पाच तास तेवीस मिनिटं लावली असती तर काय झालं असतं कोण जाणे. पण ही चूक मला दुरुस्त करावीशी वाटली नाही.

सरांना उद्या भेटून सांगावं म्हणतो. की राहू द्यावं? शाल परत घेणार आहेत का ते. शिवाय पुढच्या 26 जानेवारीला दुसऱ्या कुणाचा तरी सत्कार असेल, तोवर गाव विसरतं. आपलं गाव कर्जमाफीची यादी विसरत नाही, बाकी सगळं विसरतं.

बाबांचं मात्र कळत नाही. त्यांना खरंच वाटतं का की मी जिंकलो? सोमवारी मी सगळं सांगितलं होतं, आकड्यांसकट. ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तेव्हापासून त्या विषयावर माझ्याशी एक शब्द नाही, गावाशी मात्र रोज.

हे लिहीत होतो तर बाहेर खाट करकरली. पाणी प्यायला उठले असतील म्हटलं. दारात येऊन उभे राहिले, चष्मा नाही, कानाला तोच मफलर.

"झोपला नाई?"

"नाई."

थोडा वेळ मेडलकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "थो इथोपियावाला. त्याच्या घरी वावर हाय काय?"

"असंन."

"मंग थो पयते कव्हा?"