क्रॉलरचं वॉटरप्रूफिंग: रिसीव्हर आणि सर्वो झाले, ईएससी बाकी

गाडी १:१० ट्रेल क्रॉलर, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची, खडबडीत वाटेवर सावकाश चढणारी रिमोटची गाडी. रिमोटचा सिग्नल घेणारा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर, चाकं वळवणारा मेटल गिअरचा स्टँडर्ड सर्वो, ५४० ब्रश्ड मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा ईएससी. रिसीव्हरला फुग्यात घालून तोंड बांधायची पद्धत मुद्दाम टाळली आहे. वायरच्या कडेने पाणी आत जातंच, आणि गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. वरून सगळं कोरडं, आत पिना हिरव्या. म्हणून डबा बंद करण्यापेक्षा बोर्डच भिजला तरी चालेल असा करायचा.

रिसीव्हरचा बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने टूथब्रश मारून धुतला. फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट अवशेष) राहिला तर कोटिंग धरत नाही आणि त्याखाली ओल साचते. पिना आणि बाइंड बटणावर (रिमोटशी जोडणी करायचं बटण) कॅप्टॉन टेप लावला. बटणात कोटिंग झिरपलं की ते कायमचं चिकटतं. मग सिलिकॉन कन्फॉर्मल कोटिंगचे (बोर्ड ओलीपासून वाचवणारा पातळ लेप) दोन पातळ हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. यूव्ही टॉर्चखाली कोटिंग निळसर चमकतं, काळी राहिलेली जागा म्हणजे सुटलेली. सुटतात त्या बहुतेक हेडर पिनांची बोर्डाखालची टोकं, कारण टोकदार सोल्डरवरून कोटिंग ओघळतं. तिथे तिसरा हात हवाच.

चाचणी नळाच्या पाण्यात. पिनांमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरून प्लग लावले, बेंच सप्लायवर (व्होल्टेज ठरवता येणारा टेबलावरचा वीजपुरवठा) ६ व्होल्ट आणि करंट लिमिट ठेवून बोर्ड बुडवला. जिथे धातू उघडा असतो तिथून बुडबुड्यांची बारीक माळ सुटते, अगदी एका पिनेवरूनही. अशी माळ दिसली की सप्लाय लगेच बंद करा, बोर्ड सुकवा, तेवढीच जागा पुन्हा रंगवा. अँटेनाचं ३१ मिमीचं उघडं टोक मात्र नळीतून उभं, गाडीत सर्वांत वर ठेवा. २.४ गिगाहर्ट्झ पाण्याखाली फार आत पोचत नाही.

सर्वोत कोटिंग फक्त कंट्रोल बोर्डावर. पोटेंशिओमीटरमध्ये (शाफ्ट किती फिरला ते सांगणारा भाग) थेंबभर गेलं तरी सर्वो थरथरत राहतो. आउटपुट शाफ्टभोवती मरीन ग्रीस आणि बसत असेल तर ओ-रिंग, केसच्या जोडांवर आणि वायरच्या तोंडाशी न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे नकोच, त्यातलं ॲसेटिक ॲसिड तांबं खातं. हॉट ग्लूही नको. गुळगुळीत प्लॅस्टिकवरून तो कडेने सुटतो आणि पाण्याला वाट मिळते.

ईएससीचं काम सावकाश चाललंय. हीटसिंक काढून बोर्ड धुतला आहे. मॉस्फेटच्या (मोटरचा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) वरच्या बाजूला कोटिंग अजिबात लावायचं नाही, नाहीतर थर्मल पॅड आणि मॉस्फेट यांच्यामध्ये थर बसून उष्णता अडकते. स्विच कापून त्याच्या दोन वायरी जोडून वर हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवली. आता गाडी बॅटरी लावूनच सुरू करायची. फॅन उतरवला आहे, त्यामुळे पहिल्या फेऱ्या छोट्या पिनियनवर (मोटरच्या शाफ्टवरचा गिअर) आणि मधूनमधून हीटसिंकचं तापमान बघत.