भूत-कोळंबीचं कुल ठरवताना: माझा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला वर्गातल्या बाकीच्यांनी मलप्रभेतले मासे घेतले, नाहीतर चोर्ल्याचे बेडूक. मी मागून घेतली भूत-कोळंबी. आमच्या खानापूरहून समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो. पण मामी कारवारची, राहायची-जेवायची सोय फुकट, हे खरं कारण.

हा प्राणी नावालाच कोळंबी. आपल्या कालवणातल्या सुंगटांशी त्याचं नातं लांबचं. अंग मऊ, फिकट, आतलं दिसेल इतकं पातळ. दोन नांग्यांपैकी एक भलीमोठी, दुसरी किरकोळ. सारा जन्म वाळूत बीळ खणण्यात जातो.

पकडायला पंप लागतो. पीव्हीसी पाइप आणि आत रबरी वॉशरचा दट्ट्या, एवढंच. पाइप खडेबाजारातून आणला, दट्ट्या भावाने बसवून दिला. ओहोटीला बिळाच्या तोंडावर पाइप टेकवायचा, दट्ट्या ओढायचा, वर आलेली वाळू चाळणीत टाकायची. पहिल्या सकाळी खांदे भरून येईपर्यंत ओढलं, तेव्हा एक सापडली. चिमट्याने उचलली तर पालीने शेपूट टाकावं तशी तिने मोठी नांगी टाकून दिली. नांगी वाळूत पडली, लाट आली, गेली. उरलेली कोळंबी मी खुशीत फॉर्मॅलिनमध्ये टाकली.

एका सकाळीत दोन चुका केल्या होत्या, आणि दोन्ही मला बेळगावात परतल्यावर कळल्या.

येताना बसमध्ये बरणीचा वास सुटला. कंडक्टरने रामनगरला कन्नडमध्ये विचारलं, "एनु इदु?" म्हणजे हे काय? मी म्हटलं, "सिगडी," म्हणजे कोळंबी. त्याने नाक मुरडून खिडकी उघडली. खायची सिगडी असती तर बहुतेक भावही विचारला असता.

सरांनी ओळख पटवायला एक जुनी झेरॉक्स दिली. सांकोल्ली यांनी १९७१मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या या गटावर लिहिलेला लेख. त्या काळी हे सगळे प्राणी थॅलॅसिनिडिया नावाच्या एकाच टोपलीत असत. नंतर लक्षात आलं की ही टोपली एका घराण्याची नाहीच. बिळात राहून राहून दोन वेगळी घराणी एकसारखी दिसायला लागली आहेत. म्हणून आता दोन गट: अ‍ॅक्सिडिया आणि गेबिडिया. ढोबळ खूण सोपी. पायांच्या पहिल्या दोन्ही जोड्यांना चिमटे (म्हणजे नांग्या) असले तर अ‍ॅक्सिडिया. दुसऱ्या जोडीला धड चिमटा नसला तर गेबिडिया, म्हणजे खारफुटीतल्या मड-लॉब्स्टरची मंडळी. माझीला दोन्ही जोड्यांचे चिमटे असायला हवे होते, पण पहिल्यातला मोठा तर समुद्राने नेलेला! लहान नांगी आणि दुसरी जोडी शाबूत होती म्हणून निभावलं.

पुढे मात्र अडलं. जाती ओळखायची तर नराच्या मोठ्या नांगीवरचे दात, तिच्या मांडीवरचा आकडा, शेपटीचा आकार, तोंडाजवळच्या तिसऱ्या जबडपायाची रुंदी, हे बघावं लागतं. म्हणजे जे सगळ्यात आधी तुटतं तेच सगळ्यात महत्त्वाचं. माझ्याकडे नांगी नाही, आणि फॉर्मॅलिनमुळे डीएनएचीही आशा नाही. त्यासाठी चांगलं कडक अल्कोहोल लागतं. हे कुणी आधी सांगितलं नाही म्हणून चिडले होते. वहीत बघितलं तर सांगितलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

दुसऱ्या खेपेला बंदरावर ट्रॉलरच्या जाळ्यातला टाकाऊ माल चाळत होते, तर एक सुटी नांगी मिळाली. बोटं लांब, बारीक, आतून दातेरी. माझे हात थरथरले. टिनोकिलिस! किशिनोये यांनी १९२६मध्ये जपानमधून वर्णन केलेली, भूत-कोळंब्यांतली दुर्मीळ प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट. नावाचा अर्थच फणीसारखी नांगी. तळवा फुगीर, बोटं सडपातळ आणि त्यांवर टोकदार दात. अख्खा प्राणी क्वचितच हाती लागतो, बहुधा तुकडे. जीवाश्मांतही नांग्याच.

चार दिवस मी हवेत होते. मामेभावाला पेपरात नाव येईल असंही सांगून टाकलं. पाचव्या दिवशी मायक्रोस्कोपखाली दात बघितले: बोथट, सारखे, कुठे टोक म्हणून नाही. तळवा फुगीर नाही, आणि कवच जाड, भूत-कोळंबीला न शोभणारं. मग त्याच दिवशी आणलेली दुसरी पिशवी टेबलावर उपडी केली. त्यात गोट्यासारखा गोल खेकडा होता, उजवी नांगी गायब. डावी माझ्या 'टिनोकिलिस'ची हुबेहूब जोडीदार. सर काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसत राहिले.

तिसऱ्या खेपेला नर मिळाला, मोठ्या नांगीसकट. या वेळी चिमटा नाही, चमचा वापरला. २०१९मध्ये गॅरी पूर या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए आणि शरीररचना दोन्ही धरून कॅलिअ‍ॅनॅसिडी व तिच्या शेजारच्या कुलांची नवी मांडणी केली आहे, ती समोर ठेवून बसले. जुन्या लेखातली कितीतरी नावं तिथे दुसऱ्याच घरी नांदताना दिसली. आम्हा बेळगाव-बेळगावीवाल्यांना याचं फार नवल वाटू नये, तरी प्रत्येक नाव जुन्या-नव्या यादीत ताडून बघण्यात तीन आठवडे गेले. कॅलिकिरिडी कुलापर्यंत पोचले. त्यापुढे मला जातीचं नाव घालायचं होतं, रिकामी जागा वाईट दिसते म्हणून. सर म्हणाले, "दिसलं तिथपर्यंतच लिही गं."

लेबल पेन्सिलीने लिहिलं, शाई अल्कोहोलमध्ये पसरते. जुनी लेबलं फेकायची नसतात, त्यामुळे पहिल्या बरणीत आता तीन चिठ्ठ्या आहेत: माझा जुना अंदाज, खोडलेला दुसरा आणि कुलाचं नाव. नर वेगळ्या बरणीत, अल्कोहोलमध्ये. आणि ती सुटी नांगी मी तिच्या खेकड्याच्या बरणीत परत टाकली.