बाबांचा घसा

कोपरखैरणे, शनिवार रात्र

दिवाळीपासून बाबा म्हणतायत, घशात मागे काहीतरी अडकलंय. परवा त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून आरशात पाहिलं, तर पडजिभेच्या मागे लाल लाल दाणे. तेव्हापासून ते गप्पच आहेत. सगळा जन्म वाशीच्या मसाला मार्केटात पोती उचलण्यात गेला, खिशात तंबाखू-चुना कायमचा. घरात कुणी त्या आजाराचं नाव घेत नव्हतं, पण मनात तेच होतं.

आज कान-नाक-घशाच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी आधी एकच विचारलं, "काका, जेवताना घास अडकतो की नुसती थुंकी गिळताना जाणवतं?" बाबा म्हणाले, जेवण नीट जातं. ही चांगली खूण, असं त्या म्हणाल्या. मग पाणी प्यायला लावून बोटांनी थायरॉइड चाचपली. जीभ गॉझमध्ये धरून पुढे ओढली, छोटा आरसा दिव्यावर जरा कोमट केला (नाहीतर श्वासाने धुकटतो) आणि "ईऽऽ म्हणा" म्हणाल्या. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी सहन केलं. शेवटी नाकातून बारीक दुर्बीण घालून पडद्यावर आम्हालाही आत दाखवलं.

ते दाणे घशाच्या भिंतीतल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींचे पुंजके. सर्दी मागे उतरत राहिली, धूळ लागली किंवा पित्त वर आलं की फुगतात. जिभेच्या मुळाशी मोठे उंचवटे दिसले, ते तर प्रत्येकालाच असतात. टॉन्सिलच्या खाचांत पांढरट खडे साचतात, त्यानेही टोचतं. आणि काही दिसत नसतानाही गोळा असल्यासारखं वाटू शकतं, काळजीने तर जास्तच. भीती कधी धरायची, तेही मॅडमनी नीट सांगितलं: एकाच बाजूचा टॉन्सिल वाढलेला, मानेत न दुखणारी गाठ, तीन आठवडे बसलेला आवाज, घास अडकणं, थुंकीत रक्त, घसा ठीक दिसूनही एका कानात कळ, कारण नसताना उतरलेलं वजन. यातलं एक जरी असलं तरी थांबायचं नाही.

बाबांना यातलं काही नाही. पित्ताच्या गोळ्या दिल्या, रात्री जेवून लगेच आडवं व्हायचं नाही.

पण बाबा जिथे तंबाखूचा बार धरतात, तिथे खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा सापडला. पुसला तरी जात नाही. दुखत नाही म्हणून बाबांनी आजवर त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. असे बरेच चट्टे साधे निघतात, काही पुढे बिघडतात, आणि नुसतं बघून ते ठरवता येत नाही. मंगळवारी तुकडा काढून तपासायला पाठवणार. गरज पडलीच तर खारघरचं टाटाचं केंद्र जवळच आहे, हा मला मोठा धीर वाटतो.

रिक्षात बाबांनी विचारलं, "मंगळवारपर्यंत खाल्ली तर चालेल का गं?" मी नाही म्हटलं. त्यांनी पुडी माझ्या हातात दिली.