तुम्ही विचारलंत म्हणून: कमांडोंचे तेच ते सिनेमे

‘माणसं किड्यामुंगीसारखी मरतात, त्यात काय एवढं बघता?’ भेटेल तो हेच विचारतो. तर एकदाच सांगतो.

मी मारामारी बघत नाही. ‘व्हेअर ईगल्स डेअर’मध्ये ईस्टवुडच्या गोळ्या संपायचं नाव घेत नाहीत, तेव्हा मी खुशाल चहा टाकतो. मला कामगिरीतलं काम बघायचं असतं. ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ (१९६१) घ्या. डेव्हिड निव्हनचा सुरुंगतज्ज्ञ काही स्फोटकं तोफांपाशी मुद्दाम सापडतील अशी ठेवतो. ती काढून जर्मन निर्धास्त होतात. खरा सापळा खाली, गोळे वर आणणाऱ्या लिफ्टच्या वाटेत असतो. लिफ्ट खाली येते, स्फोट घडवणाऱ्या तारांच्या जरा वर थांबते, परत जाते. पुन्हा येते, पुन्हा थांबते. तार कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असतं आणि तोफ चालवणाऱ्यांना नसतं, एवढ्यावर माणूस खुर्चीला खिळतो.

नॅव्हरोन नावाचं बेटच नाही म्हणता? बरं, नॉर्वेतलं वेमोर्क घ्या. जर्मनांच्या ताब्यातला कारखाना, फेब्रुवारी १९४३, नऊ नॉर्वेजियन कमांडो. घळ उतरून गोठलेली नदी ओलांडली, समोरचा कडा चढून रेल्वेच्या रुळांवरून कारखाना गाठला. जर्मनांना अणुसंशोधनासाठी लागणारं जड पाणी तिथे तयार व्हायचं; त्याच्या १८ घटांना स्फोटकं लावली. दोन मिनिटांची वात कापून ३० सेकंदांवर आणली. पहारेकऱ्याचा चष्मा हरवला होता, तो शोधून देऊन मगच वात पेटवली. एकही गोळी झाडावी लागली नाही.

इथवर मी सुखात असतो. पुढे उरलेलं जड पाणी जर्मनीला निघालं, तिन्न सरोवरातून ‘हायड्रो’ नावाच्या फेरीबोटीने. त्या नऊ जणांतल्या क्नुट हाउकेलिडने आणि साथीदारांनी आदल्या रात्री साडेआठ किलोच्या आसपास स्फोटकं तळात नेली. टायमर म्हणून घंटा काढलेली दोन गजराची घड्याळं. जागा नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, कारण नाळ बुडाली की मागचा पंखा आणि सुकाणू पाण्याबाहेर येतात, बोट काठाला लावता येत नाही. वेळ पावणेअकराची, कारण तेव्हा ती सर्वात खोल पाण्यावर असणार. वार रविवार, कारण प्रवासी कमी. कुणाला सावध करायची सोय नव्हती; बातमी फुटली असती. २० फेब्रुवारी १९४४ ला सगळं ठरल्याबरहुकूम झालं. १८ माणसं गेली: चार जर्मन, चौदा नॉर्वेजियन. हाउकेलिडचे देशबांधवच.

ज्या नेमकेपणासाठी मी हे सिनेमे बघतो, तोच नेमकेपणा हा. तारांवर थांबणाऱ्या लिफ्टचं कौतुक करायचं आणि नाळेकडच्या स्फोटकांवर गप्प बसायचं, हे जमत नाही. याच कामगिरीवरच्या ‘द हीरोज ऑफ टेलीमार्क’ने (१९६५) सोपी वाट काढली: कर्क डग्लस स्वतः बोटीवर चढतो आणि मुलांना वाचवतो. खरा हाउकेलिड तोवर स्वीडनच्या वाटेला लागला होता. पूर्वी मी म्हणायचो, सिनेमाला एवढी सूट द्यावीच. आता ती सूट खटकते, त्या प्रसंगाला हटकून चिडचिड होते. आणि मुलं वाचली की बरंही वाटतं, ते काही केल्या थांबत नाही.