काळ्या मातीची बोळकी

आमच्याकडची काळी माती कापसाला मानवते, भांड्याला मात्र सहजासहजी मानवत नाही, हे सातवीच्या मुलांना आधी न सांगता मी त्यांना करून पाहू दिले. पोळ्याला घरोघरी याच मातीचे बैल होतात, त्यामुळे मुलांनी मोठ्या विश्वासाने रानातली माती आणून तिची बोळकी केली. दुसऱ्या दिवशी बहुतेक बोळक्यांना काठापासून तळापर्यंत तडे गेले होते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते; उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात, त्या याच कारणाने.

मग आम्ही तलावातला गाळ आणला, पाण्यात कालवून गाळून घेतला आणि गावातले कुंभारकाका करतात त्याप्रमाणे त्यात बारीक वाळू व वाळलेली लीद मळली. वाळू आक्रसत नाही, त्यामुळे भांड्याचा ताण कमी होतो आणि आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट मिळते.

चाक मी मुद्दामच आणले नाही, कारण भिंतीची जाडी आधी बोटांना कळायला हवी, असे माझे ठाम मत आहे. पेरूएवढा गोळा तळहातावर घ्यायचा, मधोमध अंगठा रोवायचा, तळाला बोटभर माती राखायची आणि गोळा फिरवत चिमटीने भिंत उचलायची. मुले हटकून काठच आधी दाबतात; पातळ झालेला काठ लवकर वाळतो, तळ ओलाच राहतो आणि भांडे तडकते, म्हणून सुरुवात तळापासून करायची, हे मी रोज सांगत असे. मोठ्या भांड्यांसाठी मातीच्या वळ्या एकावर एक रचल्या. प्रत्येक सांधा काडीने खरवडून, पातळ चिखल लावून आतून बोटाने एकजीव केला.

खरी कसोटी वाळवण्याची होती. आमच्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात तासाभरात काठ पांढरा पडतो. म्हणून भांडी आठवडाभर सावलीत, ओलसर गोणपाटाखाली ठेवली. भाजण्यापूर्वी प्रत्येकाने आपले बोळके गालाला लावून पाहिले. गार लागले तर ओल आहे, आणि ती ओल आगीत वाफ होऊन भांडे फोडते. सुमारे 600 अंश सेल्सिअसच्या पुढे भाजलेली माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही, म्हणून गोवऱ्यांचा जाळ आधी मंद ठेवून मग वाढवला.

एकतीसपैकी बावीस बोळकी शाबूत निघाली. पुढे धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या संग्रहालयात सातवाहनकालीन भांडी पाहताना मुलांनी पहिल्यांदा त्यांचे काठ निरखले आणि जाडीवरून वाद घातला.